शाळेत आज काय झालं, हे घरी पोचवायचं कसं?

डोंगरपायथा (धागालेखिका)

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते. दोन शिक्षक, चार इयत्ता. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. मुलांच्या घरी कोंकणी, शाळेत मराठी, कार्टून हिंदी.

कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. त्या २०० दिवसांतले घरापर्यंत पोचतात किती? १५ ऑगस्ट, स्नेहसंमेलन, १९ डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन, आणखी एखादा कार्यक्रम. त्या दिवशी ग्रुपवर फोटोंचा पाऊस. बाकीच्या दिवसांचं काहीच नाही. वजाबाकीत दशक उसना घ्यायचा म्हणजे काय, हे अर्ध्या वर्गाला एकाच सकाळी उमगलं, हे कोणाला कळत नाही. आई विचारते, "आयज कितें शिकयलें?" पोर म्हणतं, "कांय ना." झालं, विषय संपला.

पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर मी काय टाकते? सुट्टीची सूचना, आधार कार्डाची झेरॉक्स आणा, गणवेशाची मापं. म्हणजे शाळेकडून मेसेज आला की काहीतरी मागणी आली असणार, एवढंच घरच्यांना कळतं.

तुमच्याकडच्या शाळा रोजचं काही कळवतात का? पालक म्हणून तुम्हाला काय वाचावंसं वाटतं आणि काय आलं की न उघडताच पुढे जाता? शिक्षक असाल तर वेळ कुठून काढता? घरोघर स्मार्टफोन आहेत, पण बरेचदा फोन बाबांच्या खिशात आणि बाबा कामावर, हेही लक्षात घ्या.

---

मडगावचा_बाबा

ताई, मी दुसऱ्या टोकाचा. मुलगी शहरातल्या खाजगी शाळेत तिसरीत. शाळेचं अॅप, वर्गाचा ग्रुप, बसचा ग्रुप, शिवाय आयांचा वेगळा ग्रुप, जिथे खरी माहिती असते. अॅपवर रोज गृहपाठ, परिपत्रक, 'आजचा विचार'. आम्ही दोघंही ते उघडतो फक्त फी भरताना.

माझी मुलगी वर्गात कोणाशेजारी बसते, हे मला दोन महिने माहीत नव्हतं. अॅपवर मात्र तिची हजेरी मिनिटासकट होती. माहिती खूप येते, पण त्यातून मुलगी दिसत नाही. तेव्हा तुमच्याकडे अॅप नाही याचं वाईट वाटून घेऊ नका.

---

निवृत्त_मास्तर

डिचोली आणि पेडणे तालुक्यांत नोकरी केली. आमच्या वेळी पालकांना कळवायची जागा म्हणजे पसरा, गावातलं छोटं दुकान. संध्याकाळी दुकानात साखर घ्यायला गेलो की चार पालक भेटत. "मास्तर, आमचो कसो आसा?" तिथेच सांगून मोकळं व्हायचं. श्रावणात देवळात भजनाला गेलो की उरलेले भेटत. पालक सभेच्या इतिवृत्तात यातलं काही येत नसे, पण काम होत असे.

हे चालायचं, कारण मास्तर गावातच राहायचा. आता बहुतेक शिक्षक फोंड्याहून, म्हापशाहून दुचाकीवर येतात आणि शाळा सुटली की परत. त्यात त्यांचा दोष नाही, बदली जिथे होईल तिथे घर कसं करणार? पण त्या पसऱ्यावरच्या बोलण्याची जागा रिकामी राहिली, आणि ती ग्रुपनं भरून निघालेली नाही. पसऱ्यावर पालक मला विचारत. ग्रुपवर शाळा बोलते, पालक अंगठा दाखवतात.

एक सुचवतो. शाळेच्या बाहेरचा फळा रस्त्याकडे तोंड करून लावा. सुविचार आत ठेवा. बाहेर रोज एकच ओळ: आज आम्ही काय केलं. बसची वाट पाहणारा माणूस वाचतो. ज्याला वाचता येत नाही तो शेजाऱ्याला विचारतो.

---

बोटीवर_आसां

मी क्रूझ जहाजावर असतो. आठ-नऊ महिने बाहेर, मग घरी. आमच्याकडे सासष्टी-बार्देशात असे घरोघर आहेत, म्हणून लिहितो.

मला नेट मिळतं तेव्हा गोव्यात मध्यरात्र असते. बायको झोपलेली, पोरगा झोपलेला. तेव्हा मी फोनवर काय उघडतो? वर्गाचा ग्रुप. शिक्षकांनी एखादा तीस सेकंदांचा आवाज टाकला असेल, मागे मुलांचा गलका असेल, तर मी तो तीनदा ऐकतो. फोटोपेक्षा आवाज बरा. फोटोत माझा पोरगा शोधावा लागतो आणि तो नेमका कोणाच्या तरी डोक्यामागे असतो. आवाज मोबाइल डेटाही कमी खातो.

आणि दुसऱ्या दिवशी फोनवर मी त्याला विचारू शकतो, "काल तुम्ही पानं कसली जमवली?" तो चकित होतो, बाबाला कसं कळलं! मग अर्धा तास बोलतो. नाहीतर आमचं संभाषण 'जेवलास?' 'हो' इथेच संपतं.

---

कौलारू

फोटोंवरून लिहितो. फोटो टाकताना जरा जपून. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ सालचा आहे आणि त्याच्या लेखी १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल. मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हा त्यातला मुख्य मुद्दा. कायदा बाजूला ठेवला तरी साधा विचार करा. नाव, शाळा, गणवेश आणि शाळा सुटायची वेळ, हे सगळं एका फोटोखाली लिहून आपण अनोळखी माणसाच्या हातात देतो. ग्रुपमधला फोटो तासाभरात काकाच्या स्टेटसवर असतो.

प्रवेशाच्या वेळीच एका कागदावर लेखी विचारून घ्यावं: फोटो चालेल का, फक्त ग्रुपवर की फेसबुकवरही. एखाद्या घरात आईबाबा वेगळे राहत असतात, कोणाची वेगळी अडचण असते. 'नको' लिहायची जागा असली पाहिजे, आणि नको म्हटलं म्हणून त्या पोराला फोटोच्या वेळी बाजूला उभं करायचं नाही. त्यापेक्षा चेहरे टाळून हात, वह्या, मातीचे बैल, फळा यांचे फोटो घ्या. तेच जास्त सांगतात.

आणखी एक. साध्या ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. काही आयांना ते नको असतं, पण बोलत नाहीत. व्हॉट्सअॅपमध्येच 'कम्युनिटी' करून तिच्या घोषणांच्या ग्रुपवर टाकलं तर सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि फक्त अॅडमिन लिहू शकतो. ब्रॉडकास्ट यादीही आहे, पण ज्यांनी शिक्षिकेचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो. हे माहीत नसलं की 'मी पाठवला होता', 'मला मिळालाच नाही' असे वाद होतात.

---

सरळमार्गी

सगळ्यांची माफी मागून उलट बोलतो. शिक्षकांनी शिकवावं. मतदार यादीचं काम त्यांच्याकडे, निवडणूक त्यांच्याकडे, माध्यान्ह आहाराच्या नोंदी त्यांच्याकडे, पोर्टलवर माहिती भरायची ती त्यांनीच. आता रोजचं वार्तापत्रही काढायचं? दोन शिक्षकांच्या शाळेत एक जण मीटिंगला गेला की दुसरा चार इयत्ता सांभाळतो. तिथे तीस सेकंदांचा आवाज कोण रेकॉर्ड करणार आणि मागे वर्ग कोण बघणार?

पालकांनी मुलांची वही उघडावी. रोजचं सगळं तिच्यात असतं.

---

सांगाती

सरळमार्गी, वहीचं पटलं, बाकीचं अर्धंच. मी आमच्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९, कलम २४ बघा. शिक्षकाच्या कर्तव्यांतच लिहिलंय की पालकांच्या नियमित सभा घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती आणि इतर संबंधित माहिती त्यांना द्यायची. शिकवणं आणि कळवणं एकाच कलमात आहे. शिक्षकावर कामांचा डोंगर आहे हे खरं, पण त्यातलं आधी कमी करायचं असेल तर पोर्टलवरचं करा, हे नको.

त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण निम्म्या तरी महिला. मग कळवण्याचं काम एकट्या शिक्षकाचं कशाला? आमच्याकडे समितीतल्या दोघी आया महिन्यातून एकदा सकाळी शाळेत बसतात. पाहुण्या म्हणून नव्हे, मागच्या बाकावर. त्या संध्याकाळी वाड्यावर जे सांगतात त्याला कुठलंही परिपत्रक पोचत नाही.

जेवणाचंही सांगतो, कारण पालक सगळ्यात आधी तेच विचारतात. पीएम पोषण योजनेत प्राथमिकच्या मुलाला दिवसाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. रोजचा आहार, किती मुलं जेवली, किती धान्य आलं नि किती वापरलं, हे शाळेनं स्वतःहून लावायचं असतं. गोव्यात जेवण बहुतेक ठिकाणी महिला स्वयंसहाय्य गट पुरवतात, म्हणजे रांधणारी बाई गावातलीच किंवा शेजारच्या गावातली. तिच्याशी बोलणं अवघड नाही. फळ्यावर 'आज भाजी-पाव, भाजी वाटाण्याची' एवढं लिहिलं तरी घरी संध्याकाळी काय करायचं ते आईला ठरवता येतं. आमच्याकडे हे सुरू झाल्यावर 'पोरगा उपाशी येतो' ही तक्रार पुष्कळ कमी झाली. पोरगा उपाशी येत नव्हता, पाव खाऊन भाजी मित्राला देत होता.

---

मुरगाव_टीचर

सत्तरीच्या ताईंच्या वर्गात निदान घरची भाषा एक आहे. माझ्या वर्गात अर्ध्याहून जास्त मुलं बाहेरून आलेल्या कामगारांची. घरी कन्नड, काही तेलुगू, काही हिंदी. वडील बांधकामावर, आई चार घरची कामं करते. मराठीत सुंदर वळणदार निरोप लिहिला तर तो वाचणार कोण? पोरच वाचून दाखवणार, आणि पोर स्वतःबद्दलची तक्रार बरोबर वाचेल अशी अपेक्षा धरू नये!

म्हणून आम्ही चित्रांवर आलो. शुक्रवारी शेवटच्या तासाला प्रत्येक मूल आठवड्यातली एक गोष्ट काढतं आणि कागद घरी नेतं. मोठ्या माणसाला ते चित्र समजावून सांगायचं, ज्या भाषेत जमेल त्या भाषेत. सोमवारी मी विचारते, कोणाला सांगितलंस? कोणी आजीला फोनवर सांगतं, कोणी घरमालकिणीला. एकीनं बापाला सांगितलं तर बाप पहिल्यांदा शाळेत आला, 'सर्कस कुठे आहे' विचारत. तिनं खो-खो काढला होता.

पण महत्त्वाचं असतं तेव्हा चित्र पुरत नाही. लसीकरण, दाखले, सुट्टी. त्यासाठी वरच्या वर्गातल्या एका कन्नड मुलीच्या आईला विनंती केली, ती कन्नडमध्ये बोलून पाठवते. तिचे उपकार किती मानू?

---

मोगरी

मी आजी, फोंड्याहून. सून आणि मुलगा वेर्ण्याला कंपनीत, नातू बालरथातून, म्हणजे शाळेच्या बसमधून, उतरतो तेव्हा घरी मी असते. पण ग्रुपवर मी नाही! ग्रुपवर आईबाप. त्यांना दुपारी बाराला मेसेज येतो, ते संध्याकाळी सातला मला वाचून दाखवतात. तोवर नातवानं सगळी हकीकत आपल्या पद्धतीनं सांगून टाकलेली असते.

जे मूल सांभाळतात त्यांनाही ग्रुपवर घ्या एवढंच सांगणं. आणि अक्षर मोठं असू द्या, कागदाचा फोटो नको. माझ्या फोनवर तो मुंग्यांची रांग दिसतो.

---

कौलारू

@मोगरी, हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. प्रवेश अर्जावर 'दुपारी मूल कोणाकडे असतं' हा रकानाच हवा.

---

पेडणेकार

विषय निघालाच आहे तर पावसाच्या सुट्टीचं बोला. जून-जुलैत हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की रात्री दहापासून फोन पेटतो. गेल्या वर्षीचं परिपत्रक यंदा फिरतं, तारीख कोणी बघत नाही. सकाळी अर्धी पोरं शाळेत, अर्धी घरी. याला काही उपाय?

---

डोंगरपायथा

आमच्याकडे उपाय एकच चालला: सुट्टी आहे की नाही हे फक्त मुख्याध्यापिकेच्या नंबरवरून येणार, आणि सुट्टी नसली तरी 'शाळा आहे' असा मेसेज येणार. दुसऱ्या भागामुळे फरक पडला. नुसतं गप्प राहिलं की लोक अफवेवर चालतात. रेंज नसलेल्या वाड्यांसाठी एक-एक घर ठरवलंय, त्यांना आम्ही फोन करतो, ते हाक मारतात. २०२० मध्ये सत्तरी-सांगेतली मुलं रेंज मिळवायला डोंगर चढायची, ते सगळं अजून सुधारलेलं नाही.

आता बाकीच्यांना उत्तर. सरळमार्गी, तुमच्या बोलण्याचा राग नाही आला, रोज हाच विचार मीही करते. म्हणूनच 'रोज काहीतरी सुंदर लिहा' हा सल्ला मला नको होता. मला जे काम वर्गात आधीच होतंय त्यातूनच बाहेर जाईल असं काहीतरी हवंय.

मास्तरांचा फळा आणि बोटीवरच्या दादांचा प्रश्न एकत्र केला तर? म्हणजे काय शिकवलं त्याची यादी नाही, मुलाला घरी विचारता येईल असा एक प्रश्न. "आज कुठलं पान पाण्यात बुडालं नाही ते विचारा." "सातात तीन मिळवायला बोटं लागली का, विचारा." आईला उत्तर माहीत नसलं तरी चालेल, उलट नसलेलंच बरं.

---

निवृत्त_मास्तर

हे चाललं पाहिजे. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचे दोन आठवडे तर सोनं आहेत. गणपतीच्या डोक्यावर रानातली फळं-फुलं बांधतात त्या माटोळीला काय काय बांधतात ते घरी विचारून या म्हणावं. कवंडळ, आंबाडे, घागऱ्यो, सुपारीचा घड. कुठल्या रानात मिळतं, कोण आणतं, हेही विचारून या. त्यावरून परिसर अभ्यासाचा पाठ होतो. आणि त्यात शाळा घराला विचारते, नुसती सांगत नाही. ज्या बापाला शाळेत यायला संकोच वाटतो, कारण स्वतः चौथीत सुटला, तो माटोळीवर तासभर बोलू शकतो.

---

मडगावचा_बाबा

मास्तर, हे आमच्या अॅपमध्ये कुठे बसवू सांगा!

जाताजाता एक विनंती. वाईट बातमी आणि रोजची बातमी एका ठिकाणी नको. मूल पडलं, भांडलं, मागे पडतंय, हे ग्रुपवर कधीच नको, नाव न घेताही नको. 'काही मुलं गृहपाठ करत नाहीत' असं टाकलं की चाळीस पालकांना वाटतं आपल्यालाच म्हणाले आणि ज्याला म्हणायचं होतं त्याला काहीच वाटत नाही. त्या घरी फोन करा. आणि कधीतरी चांगलं सांगायलाही फोन करा. मुलीच्या बाईंनी एकदा फोन केला तर माझ्या पोटात गोळा आला. त्या म्हणाल्या, "काही नाही हो, आज तिनं नव्या मुलीला डबा उघडून दिला, एवढंच सांगायचं होतं."

---

वाचनमात्र_होतो

धागा आवडला. सरकारी मराठी शाळांना मुलं मिळत नाहीत, शाळा बंद पडतायत, त्यावरही हाच उपाय नाही का? शिकवण्याच्या माध्यमाचा प्रश्न...

---

सांगाती

@वाचनमात्र_होतो, माध्यमावर नको, हात जोडतो. कुठल्या माध्यमाच्या शाळांना सरकारी अनुदान द्यायचं, या १९९० नि २०११ च्या निर्णयांवर इथे पुरेसे धागे भरलेत, त्यात लिहा. पण एक मान्य: शेजारची आई पोराला कुठे घालायचं ते जाहिरात बघून ठरवत नाही, तुमच्या मुलाकडे बघून ठरवते.

---

डोंगरपायथा

सगळ्यांचे आभार. ठरलं ते लिहिते, कोणाला उपयोगी पडलं तर.

रस्त्याकडचा फळा सोमवारपासून. शाळा सुटायच्या आधीची दहा मिनिटं तिसरी-चौथीची मुलं आपसांत ठरवतात, आजचं काय लिहायचं. त्यांचं एकमत होईपर्यंत जे भांडण होतं तोच भाषेचा तास. एक मूल लिहितं, खाली 'घरी विचारा' म्हणून एक प्रश्न, कोपऱ्यात जेवण. मी फळ्याचा फोटो काढून टाकते, चेहरा नाही, नाव नाही. शनिवारी आवाज, पहिली-दुसरीचा, कोंकणीत. मोगरीताईंचं ऐकून आजी-आजोबांचे नंबर घेतेय. तक्रारी फोनवरच. जेवणाच्या गटातल्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, भाजीचं नाव लिहिणार असाल तर मला आदल्या दिवशी सांगा, मी चांगली करीन!

मीटिंगला गेले तर काय, हा सरळमार्गींचा प्रश्न: फळा मुलं लिहितात, फोटो दुसरे शिक्षक काढतात. तेही नसतील तर त्या दिवशी फोटो नाही. फळा आहेच.

---

सरळमार्गी

बरं. एक शंका. मुलं लिहिणार म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा आनंद. ते तसंच गावाला दाखवणार की आधी तपासणार?

---

डोंगरपायथा

तसंच. काल 'पाऊस' चा 'पाउस' झाला होता, बसस्टॉपवरच्या एका काकांनी आत येऊन सांगितलं. चौथीतला लिहिणारा म्हणाला, "काका, उद्या तुमीच येवन बरयात." उद्याचा फळा काका लिहितायत.